पान्याला कान लावणाऱ्या बाई

आमच्या लग्नात आहेर म्हणून भांडीकुंडी आली, भिंतीवरची घड्याळं आली, देवादिकांच्या तसबिरी आल्या. आणि एक आठ इंची स्क्रू पाना आला. तेलाचा हात दिलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून लाल दोऱ्याने बांधलेला. सासरच्या मंडळींनी तो उलटसुलट करून बघितला. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जावईबापू, तुमच्यात हे कुठल्या विधीला लागतं का?"

"विधीला नाही," मी म्हणालो, "हा आमच्या स्टोअरबाईंचा आहेर आहे."

एवढं सांगतानाही माझी मान जरा ताठ झाली होती. कारण बाई सगळ्यांना पाना देत नसत. कारखान्यातल्या बहुतेकांच्या लग्नात त्या स्टीलचं ताट देत. ज्याच्या हाताला हत्यार धरायची अक्कल आहे असं त्यांना वाटे, त्यालाच पाना. आमच्या वर्कशॉपमध्ये लग्न होऊन गेलेले, पोरंबाळं झालेले फिटर होते, त्यांच्या घरी ताटंच होती. त्यांनी मला बरेच दिवस टोमणे मारले.

मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून लागलो, तेव्हा बाई तिथल्या स्टोअरच्या प्रमुख होत्या. त्या काळात कारखान्यात बाई म्हणजे झाडलोट करणारी नाहीतर दवाखान्यातली नर्स. ह्या मात्र गंजरोधक ग्रीसच्या आणि यंत्रांच्या रबरी पट्ट्यांच्या वासात, लोखंडी मांडण्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या असत. वय पन्नाशीच्या आसपास. सुती इस्त्रीची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मूळच्या नगर शहरातल्या, ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. साखर कारखान्यात राहून बिनसाखरेचा चहा पीत, आणि कोणी कारण विचारलं तर म्हणत, "रोज पोती मोजते ना, मन भरतं."

माझी त्यांची पहिली गाठ स्टोअरच्या खिडकीतच पडली. मी नवा होतो, तोऱ्यात होतो. म्हणालो, "बारा इंची स्क्रू पाना द्या."

"कशाला?"

"नट खोलायला."

"कुठला नट?"

"पंपाचा."

"मग त्याला मापाचा रिंग पाना का नको? स्क्रू पान्याचा जबडा लहान-मोठा करता येतो, तो सगळ्यांचा असतो, म्हणून तो कुणाचाच नीट नसतो. माप मिळत नसेल तेव्हाच त्याला बोलवायचं."

"तो नट झिजलाय, बाई. कुठलंच माप बसत नाही."

हे उत्तर त्यांना पटलं असावं. त्यांनी आतून दोन पाने आणून फळीवर ठेवले. एक नवा, आरशासारखा चकचकीत. दुसरा जुना, काळपट, दांड्यावरची अक्षरं पुसलेली. "कुठला घेशील?"

मी चकचकीत उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, माझ्या कानाशी नेला आणि हलवला. आतला हलता जबडा खुळखुळ वाजला. मग काळपट पाना दुसऱ्या कानाशी हलवला. तो गप्प.

"ऐकलंस? बोलणारा पाना घेऊ नये. ऐन वेळी तो आपलं ऐकत नाही."

तेव्हापासून त्या मला नावाने न बोलवता 'फिटर' म्हणू लागल्या. कारखान्यात तीस-चाळीस फिटर असतील, पण बाईंनी खिडकीतून "फिटर" अशी हाक मारली की मीच वळायचो.

पान्याला कान लावायची त्यांची ही सवय सगळ्या पंचक्रोशीत माहीत होती. नवीन माल आला की त्या एकेक पाना उचलत, डोळे मिटून कानाशी हलवत. मग स्क्रूची गोल चकती अंगठ्याने फिरवून जबडा पूर्ण उघडत आणि पूर्ण मिटत. मधे कुठे अडकला की तो बाजूला. मग मिटलेल्या जबड्यात सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून ओढत. कागद टोकाला पकडला गेला आणि मुळाशी सुटला, तर जबडे समांतर नाहीत. शेवटी कानस घेऊन जबड्याच्या कडेवर एकदा ओढत. कानस लोण्यात चालावी तशी चालली तर लोखंड मऊ, आणि नुसतीच घसरली तर जरुरीपेक्षा कडक. "थोडी लागली पाहिजे," त्या म्हणत. "जरा कुरकुर करून लागली पाहिजे. चांगल्या माणसासारखी."

माल विकायला येणारे लोक त्यांच्यापुढे घाम पुसत बसत. एकाने एकदा हसून म्हटलं, "बाई, पाना घेताय का जावई?"

"जावई बदलता येत नाही," बाई म्हणाल्या, "तुझा पाना आत्ता परत नेता येईल." आणि खरोखर सगळी पेटी परत पाठवली.

कोणी स्क्रू पान्याने ठोकाठोक केलेली त्यांना चालत नसे. पाना परत आला की त्या दांड्याच्या पाठीवरून बोट फिरवत, आणि हातोडीसारखा वापरल्याचे डाग दिसले की त्या माणसाला पुढचे कित्येक दिवस पाना मिळत नसे. पाना मागितला की हातोडी मिळे. "तुला हीच आवडते ना? घे." एक जाडजूड, तापट मिस्त्री एकदा यावरून फार भांडला. शेवटी हातोडी घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "बाई, माफी करा. लई हाल झालं." त्यांनी त्याला पाना तर दिलाच, वर तो कसा धरायचा हेही दाखवलं. ओढताना जोर न हलणाऱ्या जबड्यावर आला पाहिजे. हलत्या जबड्यावर जोर दिला की तो फाकतो, पाना निसटतो, आणि माणूस तोंडावर आपटतो. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या त्या मिस्त्रीला हे ठाऊक होतं, पण बाईंसमोर त्याने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

इतकं वेड कशामुळे, याच्या कारखान्यात पुष्कळ कथा होत्या. कोणी म्हणे, बाईंच्या वडिलांचा डोळा पाना निसटून गेला. कोणी म्हणे, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो फिटर होता, उंचावरून पडला. मी एकदा धीर करून विचारलंच.

बाई खूप हसल्या. "वडील? ते चर्चमध्ये पेटी वाजवायचे. त्यांनी आयुष्यात पाना हातात धरला नाही. माझ्या मामाचं हार्डवेअरचं दुकान होतं, मी तिथे बसायचे. काही झालं-बिलं नाही रे, फिटर. मला वाईट वस्तू आवडत नाही. याला कारण कशाला लागतं?"

मला ते उत्तर त्या सगळ्या कथांपेक्षा आवडलं.

एका नाताळात त्यांनी वर्कशॉपमधल्या आम्हा काही जणांना नगरला बोलावलं. आम्ही सकाळच्या उपासनेला मागच्या बाकावर बसलो. पाळकसाहेब छान बोलत होते. पण पुढच्या रांगेतला एक बाक, त्यावरचा माणूस हलला की कर्रर्र वाजायचा. बाईंची चुळबुळ सुरू झालेली मला मागून दिसत होती. पुन्हा कर्रर्र. बाई उठल्या. पर्समधून सहा इंची पाना काढला, त्या गृहस्थांना हाताने उठायची खूण केली आणि खाली बसून बाकाचे बोल्ट आवळू लागल्या. पाळकसाहेब थांबले. सगळं चर्च थांबलं. शेवटचा बोल्ट आवळून बाईंनी बाक हलवून बघितला, आवाज नाही. मग पदर सारखा करून पाळकसाहेबांना म्हणाल्या, "हं, चालू द्या."

त्या दिवशी जेवायला आम्ही त्यांच्या धाकट्या भावाकडे गेलो. भाऊ त्यांच्याहून बराच लहान होता. आई-वडील गेल्यावर बाईंनीच त्याला शिकवलेलं. त्याने चांगली नोकरी सोडून नगर स्टेशनच्या पलीकडे पत्र्याची शेड टाकली होती. चार-पाच माणसं, एक भट्टी, एक जुना यांत्रिक घण. तिथे तो स्क्रू पानेच बनवायला लागला होता. दुसरी कितीतरी हत्यारं होती, पण ह्याने पानाच धरला. बहिणीच्या घरात वाढल्यावर दुसरं काय सुचणार? जेवताना तो तिला सारखं सांगत होता, "अक्का, एकदा माझा माल बघ."

"आणशील तेव्हा बघेन," बाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही यथातथाच झाला होता. गोदावरीच्या काठची गावंसुद्धा कोरडी पडली. ऊस जळाला, गाळप थोड्याच दिवसांत आटोपलं. गावोगाव विहिरी खोल खणायचं काम निघालं. पाणी खोल गेलं तशी इंजिनंही खाली न्यावी लागली. विहिरीच्या आत कपारीत डिझेल इंजिन बसवायचं, वर पाइप आणायचा, आणि जेवढं मिळेल तेवढं पाणी गावाला द्यायचं. ते बिघडलं की गाव तहानलेलं. दुरुस्तीला कोणीतरी दोराला धरून खाली उतरायचा, एक पाय कपारीत, एक पाय पाइपवर, आणि हातात जे हत्यार असेल ते.

हत्यार बहुतेक ठिकाणी नसेच. म्हणून कारखान्याने ठरवलं, सभासदांच्या प्रत्येक गावाला हत्यारांची एक पिशवी द्यायची. हरतऱ्हेची इंजिनं, हरतऱ्हेचे नट, सगळ्या मापांचे पाने कुठून देणार? तेव्हा प्रत्येक पिशवीत एक मोठा स्क्रू पाना हवाच.

चेअरमनसाहेब भला माणूस. बाईंवर त्यांची मर्जी होती. त्यांनी स्वतःच भावाला बोलावणं धाडलं आणि बाईंना म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात माल बनतोय, तोही तुमच्या घरचा. बाहेरून कशाला आणायचा? घेऊन टाकू."

"घेऊ की, साहेब," बाई म्हणाल्या. "आधी बघू."

भाऊ टेम्पोत पेट्या घालून आला. अंगात नवा शर्ट. बाईंनी तीन पाने काढून कानाशी हलवले, गप्प. कागद ओढला, धरला. कानस लावली, जरा घसरली. बाईंचा चेहरा हलला नाही, पण मला त्या ओळखीच्या झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फिटर, अंगणात लाव."

वर्कशॉपच्या अंगणात रुळाचा एक तुकडा जमिनीत पुरलेला होता आणि त्याला एक मोठा नट पक्का जोडलेला होता. त्या नटाला पाना आडवा लावायचा, दांड्याच्या टोकाला दोराने रिकामा ड्रम लटकवायचा आणि ड्रममध्ये घमेल्याने वाळू ओतत जायची. बाईंची ही परीक्षा असली की वर्कशॉप रिकामं व्हायचं. लोक कुस्तीला जमावेत तसे जमायचे. पैजासुद्धा लागायच्या.

आधी बाहेरगावचा एक चकचकीत पाना लावला. निम्मा ड्रम भरायच्या आत त्याचा जबडा फाकला आणि तो नटावरून घसरून खाली आला. लोक हसले. मग कारखाना उभा राहताना परदेशी यंत्रांबरोबर आलेला जुना काळपट पाना लावला. ड्रम काठोकाठ भरला, दांडा किंचित लवला, वाळू काढल्यावर परत सरळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग भावाचा.

निम्मा ड्रम झाला, टिकला. भावाच्या चेहऱ्यावर हसू आलं. आणखी दोन घमेली पडली आणि खाडकन आवाज झाला. जबड्याचा तुकडा उडून पत्र्यावर आपटला. ड्रम धाडकन खाली. बाई म्हणाल्या, "दुसरा." दुसराही तसाच तुटला. "तिसरा." तिसरा त्यांच्याही आधी गेला. चौथ्याच्या वेळी चेअरमनसाहेब म्हणाले, "बाई, राहू द्या आता." बाई म्हणाल्या, "नको साहेब, बघू." चौथा तुटला. पाचवा मात्र काठोकाठ ड्रम घेऊन तसाच उभा राहिला. पण तोवर बघणाऱ्यांच्या माना खाली गेल्या होत्या.

चेअरमनसाहेबांनी मध्यम मार्ग काढला. "असं करू. थोडा माल ठेवून घेऊ. नवा माणूस आहे, धीर येईल. गावात कोण एवढी वाळू टांगणार आहे?"

"गावात वाळू नसते, साहेब. माणूस असतो," बाई म्हणाल्या. "हा माल जाणार नाही."

भावाचा चेहरा लालेलाल झाला होता. तो बहिणीजवळ आला आणि खालच्या आवाजात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्का, मला घरात सांगायचं होतंस. चारचौघांत कशाला?"

"विहिरीत उतरणारा माणूस आपल्या घरातला नाही, म्हणून घरात सांगू?"

त्याने पेट्या स्वतः उचलून टेम्पोत टाकल्या, आम्ही मदतीला गेलो तर हात झटकला. टेम्पो फाटकाबाहेर गेला. बाई स्टोअरमध्ये जाऊन बसल्या. चहावाल्याने गडबडीत साखरेचा चहा आणून दिला. त्यांनी तो पिऊन टाकला. गोड आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. फळीवर एका फडक्यात तुटलेल्या पान्यांचे तुकडे बांधले होते, आणि बाजूला तो पाचवा, न तुटलेला पाना.

"नगरला जाऊन ये. हे त्याला दे. तुकड्यांची तुटलेली तोंडं बघ म्हणावं. आतला दाणा साखरेसारखा मोठा झालाय. लोखंड जास्त तापतंय. आणि हा पाचवा त्याच्या हातात दे. म्हणावं, सगळेच वाईट असते तर मी एवढी चिडले नसते. हा टिकला. म्हणजे तुला येतं."

"बाई, तुम्हीच का नाही जात?"

"मी गेले तर तो भांडेल. भांडणात पान्याचं बोलणं राहून जाईल."

मी एसटीने नगरला गेलो. शेडमध्ये भट्टी थंड होती. माणसं बिड्या ओढत बसली होती. भाऊ एका पेटीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "भंगार आणलंस वाटतं. ठेव तिथं. इथं कमी नाही." त्याची बायको घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो त्याने मला दिलाही नाही. तिनेच दिला.

मी फडकं सोडलं, निरोप सांगितला. दाण्याचं बोलणं त्याने ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं. मग मी पाचवा पाना त्याच्या मांडीवर ठेवला आणि बाई शेवटचं जे म्हणाल्या होत्या ते शब्दाला शब्द सांगितलं.

त्याने तो उचलला, दांड्याच्या खालच्या बाजूला असलेली छिन्नीची बारीक खूण बघितली.

"हा पहिल्या घाण्यातला," तो म्हणाला. "पहाटेचा. मी स्वतः तापवलेला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे दुपारचे." तो उठला, शेडच्या उघड्या बाजूकडे गेला. बाहेर ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. तो तिथेच उभा राहून बोलू लागला, मला नव्हे, स्वतःलाच. "लोखंड किती तापलं ते आम्ही रंगावर बघतो. पहाटे अंधारात लाली बरोबर दिसते. दुपारी ह्या उजेडात तीच लाली फिकी वाटते. अजून तापलं नाही असं वाटतं. म्हणून आणखी तापवतो." मग एकदम वळला. "अरे, मी पाने उन्हात जाळत होतो!"

त्याने त्याच क्षणी माणसांना उठवलं. गोणपाटं आणली, शिवली, शेडची उघडी बाजू वरपासून खालपर्यंत बंद केली. आत काळोख झाला, गरम झालं. भट्टी पेटली. मी परत निघालो तेव्हा तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "अक्काला काही सांगू नकोस. मी येईन." मग थोडं थांबून, "चहा घेऊन जायला हवा होतास."

मी बाईंना एवढंच सांगितलं, निरोप दिला. त्यांनी विचारलं, "भट्टी चालू होती?" मी म्हणालो, "मी तिथून निघालो तेव्हा होती." बाईंनी मान हलवली आणि पुढचं काही विचारलं नाही.

भाऊ आला तेव्हा उन्हाळा चढला होता. अंगावर कामाचेच कपडे, हाताला भाजल्याचे डाग. आत न येता सरळ अंगणात टेम्पो लावून म्हणाला, "इथंच. ज्यांनी तेव्हा बघितलं त्या सगळ्यांना बोलवा." बोलवावं लागलं नाही. सगळे आलेच. चेअरमनसाहेबही आले.

बाई पेट्यांपाशी गेल्या. डोळे मिटून, वेगवेगळ्या पेट्यांत हात घालून पाच पाने काढले आणि माझ्या हातात दिले. "फिटर, तू कर. मी पास केलं तर लोक म्हणतील भाऊ म्हणून केलं." आणि त्या स्टोअरमध्ये निघून गेल्या. दार मात्र उघडं ठेवलं.

मी पहिला पाना लावला. वाळू पडू लागली. गेल्या वेळी जिथे आवाज झाला होता ती जागा आली. गेली. ड्रम काठोकाठ भरला. दांडा किंचित लवला, वाळू काढल्यावर सरळ झाला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा झाल्यावर लोकांना चेव आला. त्या तापट मिस्त्रीने आरोळी ठोकली, "ड्रमवर पोतं ठिवा! बघू तरी कुठवर जातंय!" पाचव्या पान्याच्या वेळी भरल्या ड्रमवर वाळूचं पोतं ठेवलं. पाना टिकला. दुसरं ठेवलं. पान्याचा दांडा वाकल्याचं दिसत होतं, पण जबड्याने नट सोडला नाही. तिसरं पोतं ठेवायला दोघं पुढे सरसावले तोच काडकन आवाज झाला आणि सगळा डोलारा खाली कोसळला. धुळीचा लोट उठला.

भाऊ जागच्या जागी खाली बसला. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, पाना नटावर तसाच होता. दोर तुटला होता.

जो ओरडा झाला तो मी आजही सांगू शकत नाही. मिस्त्रीने भावाला उचलून खांद्यावर घेतलं. एखादा मल्ल जिंकून आखाड्याबाहेर यावा तशी त्याची वरात अंगणात फिरली. ती स्टोअरच्या दारापाशी आली तेव्हा बाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी अंगणात जाऊन नटावरून पाना काढला, अजून टाळ्या चालू होत्या तरी तो कानाशी धरला. लोक गप्प झाले. हलवला. कागद ओढला.

"चालेल," बाई म्हणाल्या.

खांद्यावरून भाऊ म्हणाला, "चालेल? एवढंच?"

"चालेल म्हणजे चालेल. आणि यावर नाव टाक."

"कुठलं नाव टाकू, अक्का? तुझं टाकतो."

"माझं कशाला? तुझं टाक. तुटला तर शिव्या कुणाला द्यायच्या ते लोकांना कळायला नको?"

पाने गावोगाव गेले. प्रत्येकाच्या दांड्यावर ठसठशीत मराठीत त्याचं नाव. एक दिवस पुणतांब्याच्या अलीकडे एका गावात विहिरीतलं इंजिन बंद पडल्याचं कळलं. कारखान्याच्या जीपमधून मी आणि बाई निघालो. भाऊ त्या दिवशी माल पोचवायला आला होता, तोही बसला. आपला पाना कामात असताना त्याने अजून बघितला नव्हता.

आम्ही पोचलो तोवर गावचा इंजिन बघणारा माणूस विहिरीत उतरलाच होता. वर बायांची रांग, कळश्या, हंडे. आम्ही काठावर वाकून बघितलं. खाली अर्ध्या काळोखात तो एका पायावर तोल धरून पंपाचा मोठा नट आवळत होता. सगळं अंग पान्यावर टाकून ओढत होता. भावाने विहिरीच्या कडेचा दगड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही, त्या खालीच बघत होत्या. थोड्या वेळाने इंजिन धडधडलं. पाइपमधून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग पाणी. बाया पुढे सरकल्या.

तो माणूस दोराला धरून वर आला. पाना कमरेला खोचलेला. घामाने निथळत होता. भावाला राहवलं नाही. पुढे होऊन त्याने विचारलं, "पाना कसा वाटला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने भावाकडे बघितलं, कमरेच्या पान्याकडे बघितलं.

"कसा म्हंजी? पाना हाय. लावला, फिरला." आणि तो तोंड धुवायला पाइपाशी गेला.

भावाचा चेहरा पडला. एवढ्या दिवसांची भट्टी, एवढे भाजलेले हात, आणि गड्याला चांगलं-वाईट काही म्हणावंसंही वाटलं नाही.

बाई मात्र हसायला लागल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "ऐकलंस का रे? एवढ्या खोलात, एका पायावर उभा होता, आणि त्याला पान्याची आठवणसुद्धा झाली नाही!"

मग बाई त्या माणसाकडे गेल्या. "जरा बघू," म्हणून पाना मागून घेतला, पदराने पुसला आणि रांगेतल्या बायांना दिसेल असा वर धरला.

"हा पाना माझ्या भावाने केलाय," बाई म्हणाल्या. खड्या आवाजात. अंगणात चेअरमनसाहेबांसमोर जे त्यांनी म्हटलं नव्हतं, ते त्या अनोळखी बायांना सांगत होत्या. "नगरला शेड आहे त्याची. असा पाना तुम्हाला दुसरीकडे मिळायचा नाही."

"बरं बाई," एक म्हातारी म्हणाली आणि आपला हंडा पाइपाखाली सरकवला.

भाऊ पाठ फिरवून जीपकडे चालू लागला. पण सावकाश चालत होता. अक्का आणखी काय म्हणतेय, ते त्याला ऐकायचं होतं.